कार्ल-मार्क्स-स्टाटच्या पत्रमैत्रिणीचा शोध: कामाच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, नाशिक

माझी भाची पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकते. गेल्या महिन्यात तिने मला एक फोटो पाठवला. चौथऱ्यावर ठेवलेलं कार्ल मार्क्सचं अवाढव्य डोकं, मागच्या भिंतीवर ‘जगातील कामगारांनो, एक व्हा’ हे वाक्य चार भाषांत, आणि समोर माणसांची गर्दी. खाली लिहिलं होतं की केम्निट्स हे शहर यंदा युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं आहे.

ते डोकं मी बघताक्षणी ओळखलं. त्याचं पोस्टकार्ड माझ्या ट्रंकेत आहे. पाठीमागे निळ्या शाईत लिहिलंय, ‘आम्ही याला निशेल म्हणतो.’ निशेल म्हणजे तिकडच्या बोलीत डोकं. पण माझ्या कार्डावर शहराचं नाव कार्ल-मार्क्स-स्टाट आहे. पूर्व जर्मनीने १९५३ मध्ये ते नाव दिलं, १ जून १९९० ला ते जाऊन जुनं केम्निट्स परत आलं, आणि मला हे आत्ता २०२५ मध्ये कळलं. मला आलेलं तिचं शेवटचं पत्र फेब्रुवारी १९९० चं, म्हणजे नाव बदलायच्या आधीचं.

तिचं नाव इथे देणार नाही, क. म्हणेन. १९८४ ते १९९० आम्ही एकमेकींना पत्रं लिहीत होतो. मी तेव्हा मनमाडला रेल्वे क्वार्टर्समध्ये राहत होते. बाबांच्या ऑफिसातले एक काका रेडिओ बर्लिन इंटरनॅशनल या पूर्व जर्मनीच्या रेडिओची हिंदी सेवा नेमाने ऐकायचे, कसं ऐकू आलं त्याचे रिपोर्ट पाठवायचे. त्यांच्या श्रोता मंडळाच्या यादीतून मला क.चा पत्ता मिळाला. आम्ही दोघी आठवीत होतो.

आज ट्रंक खाली काढली. क. जिवंत आहे का, आणि असेल तर मला पुन्हा लिहील का, एवढंच शोधायचं आहे. पत्रमैत्रीण शोधणारे आणखीही लोक असतील, म्हणून काय केलं, काय चुकलं आणि किती पैसे गेले ते तारखेनिशी लिहून ठेवते.

५ फेब्रुवारी

साहित्य मोजलं. तेवीस पत्रं, दोन फोटो, चार पोस्टकार्डं, एक वाळलेलं पान. चार पत्रांच्या घड्यांना कसर लागली आहे आणि तिथली अक्षरं गेली आहेत.

खरं नुकसान मात्र कसरीने केलेलं नाही. माझ्या धाकट्या भावाला तिकिटं जमवायचा नाद होता. त्याने जवळजवळ सगळ्या पाकिटांची तिकिटं कात्रीने कापून घेतली आणि त्यांच्यासोबत टपालाचे शिक्केही गेले. ज्या पत्रांत आत तारीख नाही ती कोणत्या सालची हे आता नुसत्या मजकुरावरून ठरवावं लागतंय. जुनी पत्रं जपत असाल तर तिकिटासाठी पाकीट कापू नका. शिक्क्यावर गाव असतं, तारीख असते आणि पुढे त्याच दोन गोष्टी लागतात.

पत्रं लावायला दोन संध्याकाळी गेल्या. वहीत लिहिलं: पूर्ण नाव (लग्नाआधीचं), पत्ता, शाळेचं नाव, आई सूत कातायची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात, एक मोठा भाऊ, वाढदिवस ४ जुलै. वाढदिवस मला तोंडपाठ होता. दर जूनमध्ये मी कार्ड टाकायचे.

१४ फेब्रुवारी

नऊ दिवस फुकट गेले. फेसबुकवर आणि गुगलवर तिचं नाव आलटूनपालटून टाकत बसले. त्या नाव-आडनावाच्या बायका शेकड्यांनी निघाल्या. वयाने जुळतील अशा अकरा जणींना निरोप पाठवले. दोघींनी सभ्यपणे ‘मी नव्हे’ म्हणून कळवलं, बाकीच्यांनी उघडूनही पाहिलं नाही.

यात साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. माझंच आडनाव १९९५ ला बदललं. क.ने मला शोधायचं ठरवलं असतं तर मनमाडच्या त्या मुलीच्या नावाने तिला तरी काय सापडलं असतं? पन्नाशी ओलांडलेली बाई लग्नाआधीच्या नावाने फेसबुकवर शोधण्यात अर्थ नाही. हे काम बंद केलं.

१६ फेब्रुवारी

आज पत्त्याच्या मागे लागले. पाकिटावर शहराच्या नावाआधी चार आकडी पिनकोड आहे. तो आता चालत नाही. जर्मनी एक झाल्यावर काही काळ पूर्वेकडच्या पिनकोडांच्या आधी ‘ओ’ आणि पश्चिमेकडच्यांच्या आधी ‘डब्ल्यू’ लावत, आणि १ जुलै १९९३ पासून सगळ्या देशाला नवे पाच आकडी कोड मिळाले. केम्निट्सचे ०९ ने सुरू होतात. जुना कोड टाकून नकाशात शोधलंत तर काहीच येणार नाही, किंवा भलतंच गाव येईल.

रस्त्याचं नाव सुदैवाने तेच राहिलंय. तो फ्रित्झ हेकर्ट वस्तीत आहे. १९७४ पासून कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे स्लॅब जोडून तिथे हजारो घरं उभी केली गेली होती. क.ने एका पत्रात आपल्या इमारतीचं चित्र काढलं होतं: सहा मजले, चौथ्या मजल्यावरच्या एका खिडकीला लाल पेन्सिलीने रंग. उपग्रहाचं चित्र मोठं करत गेले. २३ नंबर दिसला, २७ नंबर दिसला, त्यांच्या मधोमध गवत. तीन झाडं आणि तिरकी पायवाट.

भाची म्हणाली, एकीकरणानंतर तिथून इतके लोक निघून गेले की रिकाम्या पडलेल्या इमारती सरकारी योजनेतून पाडून टाकल्या. मी बराच वेळ त्या गवताकडे बघत राहिले. मग फोन बाजूला ठेवला आणि त्या दिवशी पुढे काही केलं नाही.

२४ फेब्रुवारी

बंद निघालेल्या वाटा, थोडक्यात.

जर्मन रेड क्रॉसची शोधसेवा: युद्ध, आपत्ती, स्थलांतर यांत ताटातूट झालेल्या नातेवाइकांसाठी आहे. पत्रमैत्रीण त्यात बसत नाही, आणि त्यांचा वेळ खरोखर गरज असलेल्यांना मिळावा.

टेलिफोन डिरेक्टरी: पूर्व जर्मनीत घरोघरी फोन नव्हतेच. आजच्या डिरेक्टरीत तिचं जुनं आडनाव असलेली सात घरं आहेत. एकालाही फोन केला नाही. परक्या देशातल्या म्हाताऱ्या माणसाला अचानक फोन करून मुलीची चौकशी करायची हे मला पटलं नाही. हल्ली फसवणूक करणारे असेच फोन करतात.

शाळा: पत्रात शाळेला एका क्रांतिकारकाचं नाव आहे. १९९० नंतर अशी बहुतेक नावं काढली गेली आणि ती दहावीपर्यंतची शाळापद्धतच मोडीत निघाली. त्या नावाची शाळा आज नकाशावर नाही.

२ मार्च

आज खरी वाट सापडली, आणि ती अगदी सरळ आहे. जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येकाला आपला पत्ता नगरपालिकेच्या रहिवासी नोंदवहीत लावावा लागतो. घर बदललं की पुन्हा नोंद. या नोंदवहीतून कोणीही, अगदी परदेशी माणूससुद्धा, दुसऱ्या व्यक्तीचा सध्याचा पत्ता मागू शकतो. याला ‘आइनफाखे मेल्डेरेगिस्टरआउसकुन्फ्ट’ म्हणतात, म्हणजे नोंदवहीतली साधी माहिती. नोंदणी कायद्याचं ४४ वं कलम.

त्याच्या अटी अशा. तुम्ही दिलेल्या तपशिलावरून नेमकी एकच व्यक्ती निघाली पाहिजे. दोन निघाल्या तर उत्तर मिळत नाही. माहिती जाहिरातीसाठी किंवा पत्ते विकण्यासाठी वापरणार नाही असं लिहून द्यावं लागतं. जिवाला धोका असलेल्या माणसांचे पत्ते बंद ठेवलेले असतात, ते मिळत नाहीत आणि मिळूही नयेत. माणूस गेला असेल तर तेवढं कळवतात.

माझ्यासारखीच्या उपयोगाच्या दोन गोष्टी आहेत. एक, नोंदवहीत आधीची नावंही असतात, त्यामुळे लग्नाआधीच्या नावाने विचारता येतं. दुसरी, शहर सोडून गेलेल्याची नोंद पाच वर्षांनी वेगळी काढतात, पण ती पुढे पन्नास वर्षं सांभाळतात. म्हणजे १९९० च्या आसपास गेलेल्या माणसाचा माग अजून आहे.

भाचीने अर्ज जर्मनमध्ये लिहून दिला. एक पान. नाव, जुना पत्ता, जन्मतारीख ४ जुलै १९७१, कारण: शाळेतली पत्रमैत्री. जन्मसाल कुठेच लिहिलेलं नव्हतं. आम्ही एकाच इयत्तेत होतो म्हणून मी माझंच साल टाकलं.

११ मार्च

अर्जाचं शुल्क त्या नगरपालिकेला आधी ईमेलने विचारून घ्या, शहराशहराप्रमाणे बदलतं. आपल्या हिशेबात अकराशे रुपयांच्या आसपास होतं. पण ते त्यांच्या खात्यात पोचवणं हे वेगळंच काम निघालं.

माझ्या बँकेच्या शाखेत दोन फेऱ्या झाल्या. परदेशी पैसे पाठवायला ए-२ फॉर्म लागतो, पॅन लागतो आणि पैसे कशासाठी त्याचा ठरावीक कोड निवडावा लागतो. ‘मैत्रिणीचा पत्ता विचारायला’ असा कोड कुठल्याच यादीत नव्हता. शेवटी तिथल्या मॅडमनी समजून घेऊन जवळचा कोड लावला. बँकेचा आकार एक हजार चारशे पन्नास रुपये.

२१ मार्च

ईमेल आला. रक्कम कमी पोचली आहे, उरलेली भरल्यावर अर्ज घेऊ.

फॉर्मवर खर्च कोणी सोसायचा असा एक रकाना असतो. बँकेतून त्यात ‘एसएचए’, म्हणजे दोघांत वाटून, असं भरलं गेलं होतं आणि मी न वाचता सही केली. मधल्या बँकेने आपला हिस्सा पाठवलेल्या रकमेतून कापून घेतला. कमी पडलेले चारेकशे रुपये पाठवायला पुन्हा चौदाशे पन्नास गेले. तुम्ही ‘ओयूआर’ लिहा. त्यात सगळा खर्च आपल्यावर येतो, पण समोर पूर्ण रक्कम पोचते. आणि कार्यालयाने दिलेला ‘कासेनत्साइखेन’ क्रमांक संदेशाच्या जागी टाकायला विसरू नका, नाहीतर पैसे कुणाचे हे त्यांना कळणार नाही.

१५ एप्रिल

उत्तर आलं. दिलेल्या तपशिलाशी जुळणारी व्यक्ती सापडली नाही. शोधायचे श्रम तर झालेलेच असतात, म्हणून शुल्क परत नाही.

आत्तापर्यंत चार हजार चारशे रुपये गेले आणि हातात काही नाही. पैशाचं इतकं वाटलं नाही. पण तेवीस पत्रं लिहिणारी मुलगी नोंदवहीत नाही म्हणजे काय, हा विचार डोक्यातून जाईना.

एप्रिल अखेर ते मेचा दुसरा आठवडा

पुतण्याचं लग्न होतं, काम बंद होतं.

१८ मे

भाची सुट्टीला आली आहे. दुपारी सगळी पत्रं तिच्यासमोर मांडली. क.ला रशियन चांगलं येत होतं, इंग्रजी मोडकंतोडकं. शब्द अडला की ती सरळ जर्मनमध्ये लिहून मोकळी व्हायची. ती वाक्यं मी तेव्हा सोडून द्यायचे. मनमाडला जर्मन येणारं कोण होतं?

भाचीने १९८५ चं एक पत्र उचललं. त्यात क.ने घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस लिहून पाठवले होते. ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली, मग मला म्हणाली, ‘मावशी, हा सात नाहीये. एक आहे.’

भिंग आणलं. तिथे चार, टिंब, आणि मग तो आकडा. वरून खाली येणारी रेघ, आणि डावीकडून वर चढत जाणारी दुसरी तिरपी रेघ, जवळजवळ तितकीच लांब. आपण शाळेत इंग्रजी सात काढतो तो हुबेहूब असाच. मी अर्थात सातच वाचला होता. भाचीने त्याच पत्रात खाली भावाची तारीख दाखवली. तिथे खरा सात होता आणि त्याच्या पोटातून एक आडवी छोटी रेघ गेली होती. जर्मन माणसं एकाला अशी लांब रेघ देतात आणि म्हणूनच सातला मधोमध काट मारतात, दोन्हींत घोटाळा होऊ नये म्हणून. काट नसेल तर तो एक.

म्हणजे ४ जुलै नव्हे, ४ जानेवारी.

पटत नव्हतं म्हणून पुरावा शोधला. १९८७ चं एक पत्र आहे, आत तारीख ९ जानेवारी. त्यात मधेच एक जर्मन वाक्य, मी कधीच न वाचलेलं. भाचीने वाचलं, ‘रविवारपासून मी सोळा वर्षांची आहे.’ मोबाइलवर जुनं कॅलेंडर काढलं. ४ जानेवारी १९८७ ला रविवार होता. सोळा वजा केले, जन्म १९७१.

मग १९८५ चा फोटोही जागेवर बसला. पांढरा ब्लाउज, हातात फुलं, मागे ‘युगेंडवाइहे’ लिहिलेलं. आठवीतल्या मुलांचा, चौदाव्या वर्षी, वसंतात होणारा समारंभ. जानेवारी १९७१ चा जन्म धरला तर वय बरोबर चौदा.

पाच वर्षं मी तिला जुलैत वाढदिवसाची कार्डं पाठवत होते. तिने दर वेळी आभार मानले आणि एकदाही चूक दाखवली नाही.

ज्यांच्याकडे युरोपातली हाताने लिहिलेली पत्रं आहेत त्यांनी अर्ज करायच्या आधी हे एक काम करावं: एकाच हातचे दोन-तीन एक आणि दोन-तीन सात शेजारी ठेवून ताडून बघावेत. लहानपणी वहीत उतरवून घेतलेल्या तारखेवर विसंबू नये. मूळ कागद बघावा.

२६ मे

दुसरा अर्ज पाठवला. जन्मतारीख ४ जानेवारी १९७१. नावापुढे ‘गेबोरेने’ लिहून जन्माचं आडनाव वेगळं दाखवलं. जुन्या वेगळ्या काढलेल्या नोंदींतही शोधावं अशी विनंती केली, त्याचं शुल्क थोडं जास्त पडतं. एकूण बाराशे, बँकेचे ‘ओयूआर’ने एक हजार नऊशे पन्नास.

३० जून

सापडली!

पत्र नीट दोन वेळा वाचून घेतलं. क. मार्च १९९१ मध्ये केम्निट्स सोडून गेली. कुठे, तेही दिलंय: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातलं एक छोटं शहर, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला, पश्चिमेत. त्यापुढचं त्यांच्याकडे नाही. पुढे तिथल्या कार्यालयाला विचारायचं.

आता माझ्या बाजूच्या गोष्टी उलगडल्या. तिच्या फेब्रुवारी १९९० च्या पत्राला मी ऑगस्टमध्ये उत्तर दिलं होतं. कॉलेजसाठी नाशिकला आले होते आणि राहून गेलं. बाबा मे १९९१ ला निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं, जूनमध्ये मी तिला नवा पत्ता कळवला. ते पत्र सप्टेंबरात परत आलं, वर जांभळा शिक्का: ‘उनबेकांट फेरत्सोगन’. तो शब्द मला तेव्हा कळला नव्हता. अर्थ असा की माणूस दुसरीकडे गेला, कुठे ते माहीत नाही. मी ते पत्र टाकलं तेव्हा तिला जाऊन तीन महिने झाले होते.

म्हणजे दोन महिन्यांच्या अंतराने आम्ही दोघींनी घरं सोडली.

४ जुलै

त्या छोट्या शहराच्या कार्यालयाला अर्ज. शुल्क हजाराच्या आसपास, बँक पुन्हा एक हजार नऊशे पन्नास. आजची तारीख अर्जावर लिहिताना हात थांबला.

२२ जुलै

ईमेलने उत्तर. नवं आडनाव, रस्ता, घर क्रमांक, पिनकोड. ती आहे. त्याच शहरात आहे.

हिशेब लिहून टाकते. टपाल आणि झेरॉक्स धरून एकंदर दहा हजार आठशे रुपये होतील. त्यातले सहा हजार आठशे बँकेचे. जर्मनीत तुमचं जवळचं कोणी राहत असेल तर अर्ज त्यांच्याच नावाने करायला सांगा, बँकेचा सगळा खर्च वाचेल.

९ ऑगस्ट

पत्र लिहायला अठरा दिवस लागले. नवं नाव हातात आल्यावर पाच मिनिटांत फेसबुकवर तिचं पान सापडलं. राखाडी केस, डोळे तेच. निरोपाची खिडकी उघडली आणि बंद केली. पस्तीस वर्षांनी अचानक समोर उभं राहणाऱ्या माणसाला उत्तर द्यायचं की नाही हे तिला निवांत ठरवता यायला हवं. पत्र टेबलावर पडून राहू शकतं. फोनवरचा निरोप वाचला की वाचल्याची खूण दिसते आणि समोरचा बांधला जातो. म्हणून पत्रच.

पहिले तीन मसुदे फाडले. पहिल्यात मी माझी सगळी जन्मकहाणी लिहिली होती, सहा पानं. दुसऱ्यात ‘तू का नाही लिहिलंस’ असा सूर आला होता. तिसरा भाचीला वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘मावशी, यात तू तिला चार प्रश्न विचारलेत. तिला परीक्षा वाटेल.’ शेवटचं पत्र एका पानाचं. मी कोण, तुझा पत्ता कसा मिळवला (हे लपवू नये, माणूस घाबरतो), मला काही नको आहे, उत्तर दिलं नाहीस तरी मी पुन्हा त्रास देणार नाही. वर जर्मन, खाली इंग्रजी. आणि वाढदिवसाच्या कार्डांबद्दल क्षमा मागितली.

सोबत १९८५ च्या फोटोची झेरॉक्स आणि तिच्याच अक्षरातल्या दोन ओळींची झेरॉक्स. आपलं अक्षर माणूस ओळखतो. पाकिटामागे पाठवणाऱ्याच्या जागी माहेरचं नाव आधी आणि सासरचं कंसात. ते माहेरचं नाव नसतं तर हे कुणाचं पत्र हे तिला कळायचं कारण नव्हतं. रजिस्टर केलं.

२८ ऑगस्ट

ट्रॅकिंगमध्ये ‘पोचलं’ दिसतंय.

सप्टेंबर

काही नाही. गणपती उठले. पोस्टमनची वाट बघते आहे असं दिसू नये म्हणून मी दुपारी मुद्दाम आतल्या खोलीत बसत होते. पुन्हा लिहिलं नाही. तसा शब्द दिला होता.

१४ ऑक्टोबर

जाडसर पिवळं पाकीट आलं. पत्त्यातल्या पिनकोडमध्ये दोन एक होते, दोन्ही लांब रेघेचे.

चार पानं जर्मन, हाताने लिहिलेली. संध्याकाळी भाचीला व्हिडिओ कॉल लावला आणि एकेक पान कॅमेऱ्यासमोर धरलं. तिला हस्ताक्षर लागायला वेळ लागत होता, एखाद्या शब्दावर पाच-पाच मिनिटं अडायची. दीड तास लागला. मधे मी एकदा उठून पाणी पिऊन आले.

आईचा कारखाना बंद पडला. वडिलांचे एक चुलतभाऊ पश्चिमेत होते, त्यांच्याकडे सगळे गेले. क.ने बालवाडी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं होतं, पण नव्या राज्यात ते तसंच्या तसं धरलं जाईना, मग ती वृद्धांच्या सेवेत शिरली आणि अजून तेच काम करते. आई चार वर्षांपूर्वी गेली. माझं पत्र तिने फ्रिजवर चिकटवून ठेवलं होतं आणि रोज संध्याकाळी उद्या लिहू म्हणत होती.

कार्डांबद्दल लिहिलंय: तुमच्याकडे वाढदिवस वेगळ्याच दिवशी साजरा करायची काही रीत असेल असं तिला वाटलं होतं. आई म्हणायची, राहू दे, चांगलं आहे, उन्हाळ्यातही एक वाढदिवस.

मी पाठवलेलं हडबीच्या शेंडीचं, म्हणजे मनमाडजवळच्या सुळक्याचं, चित्र तिच्याकडे आहे. क्वार्टर्सच्या गच्चीतून दिसायची तशी मी ती वॉटरकलरने काढली होती. वाळलेल्या पानाचं मात्र तिला काही आठवत नाही. मी ते इतकी वर्षं जपलं, पण तिला ते पाठवल्याचं आठवतसुद्धा नाही.

शेवटच्या पानात एका पाकिटाची झेरॉक्स होती. तिने १९९१ आणि १९९२ मध्ये मनमाडच्या पत्त्यावर तीन पत्रं पाठवली. त्यातलं एक परत आलं. पत्त्यावर आडवी रेघ, कडेला मनमाडचा शिक्का, आणि खाली बॉलपेनने काही लिहिलेलं. तिने त्याभोवती पेन्सिलीने गोल काढून विचारलंय: हे काय लिहिलं आहे? तेहतीस वर्षं माझ्याकडे आहे, इथे कुणाला वाचता आलं नाही.

पोस्टमनचं अक्षर आहे, घाईतलं, मराठी. ‘साहेब रिटायर. घर सोडून गेले. पत्ता नाही.’

१६ ऑक्टोबर

तिला उत्तर लिहिलं. पहिल्याच ओळीत ती तीन वाक्यं, आणि त्यांच्याखाली जर्मनमध्ये त्यांचा अर्थ.

१ डिसेंबर

माझं पत्र ऑगस्टमध्ये अठरा-एकोणीस दिवसांत पोचलं होतं. नाताळच्या गर्दीत जास्त लागतील, म्हणून आजच कार्ड टाकून आले. वर ४ जानेवारी लिहिलंय, एकाला तिच्यासारखी लांब रेघ देऊन.